स्फटिकाचे अंतरंग उलगडणारे धर्मगुरू : फादर रने झ्युस्त आउई (१७४३–१८२२)

कोल्हापूरहून पुणे-बेंगळुरू महामार्गाने कर्नाटकाच्या दिशेने निघाले की कागलनजीक पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या या एमआयडीसीत ओतकामाचे कारखाने आहेत, यंत्रांचे सुटे भाग घडविणारे कारखाने आहेत आणि कापडाच्या गिरण्याही आहेत. फाउंड्रीत एखादे कास्टिंग तडकले तर जाणता कारागीर सर्वप्रथम मोडलेला भाग उजेडात धरून पाहतो. तो राखाडी दिसला तर भेग बिडातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमधून गेली असे तो समजतो. ठिसूळपणे तुटलेल्या पोलादात मात्र बारीक बारीक ठिणग्यांसारखी चमक दिसते. त्यातील प्रत्येक चमक म्हणजे लोखंडाच्या एकेका स्फटिककणाचे सपाट दुभंगलेले प्रतल होय. धातुशास्त्राचा विद्यार्थी त्या प्रतलाचे नाव कंसात तीन अंक मांडून लिहितो : (१ ० ०). या अंकांना ‘मिलर निर्देशांक’ म्हणतात. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम हॅलोज मिलर यांनी १८३९ मध्ये ही पद्धत रूढ केली, म्हणून हे नाव. परंतु स्फटिकाचे प्रत्येक प्रतल लहानशा पूर्णांकांत सांगता येते, हा त्यामागील मूळ नियम मिलर यांच्या अर्धशतक आधी एका कॅथोलिक धर्मगुरूंनी शोधून काढला होता. त्या धर्मगुरूंचे, फादर रने झ्युस्त आउई यांचे, हे अल्प चरित्र. (फ्रेंचमध्ये त्यांचे आडनाव ‘ह’पासून लिहितात, पण त्या ‘ह’चा उच्चार होत नाही.)

उत्तर फ्रान्समधील पिकार्डी प्रांतात सें-झ्युस्त नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे एका गरीब विणकराच्या घरी २८ फेब्रुवारी १७४३ रोजी रने यांचा जन्म झाला. वडील तागाचे कापड विणीत. मागावर मिळेल तेवढ्यात संसार चालवायचा, ही इचलकरंजीच्या जुन्या विणकर कुटुंबांना वेगळी सांगायला नको अशी परिस्थिती. मुलांना शिकविण्याची ऐपत घरात नव्हती. मात्र गावात संत नॉर्बर्ट यांच्या संघाचा मठ होता आणि लहानग्या रनेला तेथील उपासनासंगीताची विलक्षण ओढ होती. प्रार्थनेच्या वेळी नित्यनेमाने येऊन बसणारा हा मुलगा मठाधिपतींच्या नजरेत भरला. मठवासीयांनी त्याला अक्षरओळख करून दिली, पुढे शिकविले आणि त्याला पॅरिसला न्यावे असा सल्ला आईला दिला. आईने हिय्या केला. पॅरिसमध्ये प्रथम एका चर्चच्या गायकवृंदात मुलाला जागा मिळाली आणि त्यानंतर नावार महाविद्यालयात शिष्यवृत्ती. पुढे तेथेच ते अध्यापक झाले. १७७० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यानंतर ते कार्डिनल लमुआन महाविद्यालयात लॅटिन शिकवू लागले.

येथवरच्या आयुष्यात स्फटिकांचा कोठेच संबंध नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. संबंध आला तो मैत्रीपोटी. त्याच महाविद्यालयातील ज्येष्ठ सहकारी फादर लोमों हे नामवंत व्याकरणकार होते आणि त्यांना वनस्पतींचा छंद होता. फादर आउई त्यांना फार मानीत. फिरायला जाताना या वडीलधाऱ्या मित्राला सोबत व्हावी एवढ्याच हेतूने त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकून घेतले. वनस्पतींसाठी पॅरिसच्या राजोद्यानात जाणे-येणे सुरू झाले आणि एके दिवशी तेथेच चाललेल्या दोबांतों यांच्या खनिजविषयक व्याख्यानाला ते जाऊन बसले. तेथे त्यांना एक कोडे पडले. एका जातीच्या झाडाला येणारे फूल पिढ्यान्‌पिढ्या त्याच घडणीचे असते. पाकळ्यांची संख्या ठरलेली, मांडणी ठरलेली. मग एकाच जातीच्या दगडाचे स्फटिक मात्र कोठे षट्कोनी खांबासारखे, कोठे सुळ्यासारखे टोकदार, तर कोठे तिरप्या चौकटीसारखे का असावेत?

उत्तर मिळाले ते एका अपघातातून. द फ्रान्स नावाच्या एका संग्राहकाच्या घरी कॅल्साइटच्या स्फटिकांचा एक सुंदर झुबका हाताळीत असताना तो फादर आउई यांच्या हातून निसटून फरशीवर पडला. खांबासारख्या एका स्फटिकाचा तुकडा उडाला. दुसरा कोणी ओशाळून क्षमा मागत राहिला असता. त्यांनी तो तुकडा उचलून निरखला, तेव्हा तुटलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत दिसली आणि तिचा कल आइसलँड स्पार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅल्साइटच्या तिरप्या चौकटीशी जुळला. घरी परतल्यावर त्यांनी आपल्याच संग्रहातील निरनिराळ्या आकारांचे कॅल्साइट एकामागून एक फोडले. बाहेरून खांब असो की सुळा, आतून प्रत्येक वेळी तीच तिरपी चौकट निघाली. स्फटिक आपल्या ठरलेल्या प्रतलांवरच दुभंगतो. त्या गुणाला पाटन म्हणतात.

दोबांतों आणि गणितज्ञ लाप्लास यांच्या आग्रहावरून १७८१ मध्ये त्यांनी हे संशोधन विज्ञान अकादमीपुढे ठेवले. १७८३ मध्ये अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले, तेही वनस्पतिशास्त्र विभागात, कारण जागा तेथे रिकामी होती! १७८४ मध्ये स्फटिकरचनेवरील त्यांचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळातील दुसरे मोठे स्फटिकतज्ज्ञ रोमे द लिल यांना हा प्रकार मुळीच रुचला नाही. फादर आउई यांना त्यांनी स्फटिकफोड्या ठरविले. वास्तविक प्रत्येक खनिजाच्या बाजूंमधील कोन कायम असतो हे मोजमाप करून दाखविण्याचे मोठे काम रोमे द लिल यांचेच. पण तो कोन तेवढाच का, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

ते उत्तर समजून घेण्यासाठी कागलच्या एखाद्या कापड गिरणीत जावे, असे आम्ही सुचवू. ट्विल विणीच्या कापडावर तिरप्या रेघा दिसतात. ती रेघ मुळात सरळ नसतेच, ती धाग्यांची पायरी असते. दर आडव्या धाग्याला वीण एका उभ्या धाग्याने सरकली आणि दोन्ही धागे सारख्या दाटीने बसविलेले असले, तर रेघ ४५ अंशांत जाते. एक उभा धागा सरकण्यास दोन आडवे धागे लागले तर रेघ अधिक चढी, सुमारे ६३ अंशांची होते. या दोहोंच्या दरम्यानचा वाटेल तो कोन विणकराला साध्या विणीत मिळत नाही, कारण अर्धा किंवा पाऊण धागा सरकता येत नाही. धागे मोजूनच पुढे जावे लागते. फादर आउई यांनी स्फटिकाविषयी नेमके हेच मांडले. स्फटिक म्हणजे सारख्या सूक्ष्म ठोकळ्यांची रास. थरावर थर चढताना प्रत्येक नवा थर कडेला एक ओळ, दोन ओळी किंवा फार तर तीन-चार ओळी कमी करीत गेला की पायऱ्या तयार होतात. ठोकळे इतके लहान की त्या पायऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि आपल्याला सपाट, झळझळीत बाजू दिसते. किती ओळी सुटल्या हे कळले की त्या बाजूचा कोन गणिताने काढता येतो. खांब, सुळा आणि चौकट ही एकाच ठोकळ्याची तीन बांधकामे ठरली.

येथून मिलर यांच्यापर्यंतचा रस्ता सरळ आहे. जर्मनीत फादर आउई यांच्या ग्रंथाच्या भाषांतराला हात लावणारे ख्रिस्तियान व्हाइस यांनी ठोकळ्यांऐवजी अक्ष मानले आणि एखादे प्रतल कोणत्या अक्षाला किती अंतरावर छेदते ते लिहिण्यास सुरुवात केली. मिलर यांनी त्या अंतरांचे व्यस्त अंक घेतले. समजा, प्रतल पहिल्या अक्षाला एका एककावर, दुसऱ्याला दोन एककांवर छेदते आणि तिसऱ्याला समांतर जाते, म्हणजे त्याला कधीच भेटत नाही. व्यस्त केल्यावर एक, अर्धा आणि शून्य. दोनाने गुणून अपूर्णांक काढला की झाले (२ १ ०). अनंत हा अडचणीचा शब्द जाऊन त्याजागी शून्य आले, हीच या पद्धतीची खुबी. तिन्ही अक्षांना सारख्या अंतरावर छेदणारे प्रतल (१ १ १). अक्षाच्या उलट बाजूस छेद गेला तर अंकाच्या डोक्यावर आडवी रेघ देतात. आंब्याच्या आखीव बागेशेजारून जाताना काही ठरावीक दिशांनाच झाडांच्या ओळी लख्ख उघडतात आणि मध्ये मोकळी गल्ली दिसते, तसेच अंक लहान असलेल्या प्रतलांवर अणू दाट बसलेले असतात आणि अशी दोन प्रतले एकमेकांपासून दूर असतात. बहुतेक स्फटिक दुभंगतात ते अशाच प्रतलांवर. लोखंडाचे (१ ० ०) त्यांपैकीच एक.

परंतु आपल्याला पुन्हा पॅरिसकडे वळले पाहिजे, कारण १७८९ मध्ये राज्यक्रांती झाली होती. नव्या राजवटीने सर्व धर्मगुरूंनी नव्या धर्मविषयक कायद्याशी निष्ठेची शपथ घ्यावी असे फर्मान काढले. त्या कायद्याने फ्रान्समधील ख्रिस्तसभा पोपमहोदयांच्या अधिकारापासून तोडून शासनाच्या हाताखाली आणली होती. फादर आउई राजकारणापासून कोसो दूर होते. शांत, संकोची स्वभावाचा, दिवसभर कोन मोजीत बसणारा माणूस. तरीही त्यांनी शपथ घेतली नाही. तत्त्वाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी आवाज न चढविता नकार दिला आणि आपले काम सुरू ठेवले. शिक्षा म्हणून त्यांचे उत्पन्न गेले. ऑगस्ट १७९२ मध्ये शिपाई त्यांच्या खोलीत शिरले, त्यांचे कागद आणि वर्षानुवर्षे लावून ठेवलेले स्फटिक अस्ताव्यस्त झाले, आणि इतर धर्मगुरूंसह त्यांना सें-फिर्में येथील गुरुविद्यालयात कोंडण्यात आले. ते गुरुविद्यालय आता तुरुंग झाले होते.

तेथे त्यांनी स्फटिकांचे कप्पे मागवून घेतले आणि ते विस्कटलेला संग्रह पुन्हा लावू लागले. बाहेर त्यांचे चाहते मात्र जिवाचे रान करीत होते. त्यांत एतियेन झ्योफ्रुआ सेंत-इलेर हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता, जो पुढे थोर प्राणिशास्त्रज्ञ झाला. अकादमीच्या सदस्यांकडे धावाधाव करून त्याने सुटकेचा हुकूम मिळविला आणि रात्रीच तो तुरुंगात पोहोचला. मरियामातेच्या स्वर्गउन्नयन सणाचे ते दिवस होते. फादर आउई म्हणजे असे की, एवढ्या रात्री कशाला, सकाळी मिस्सा झाल्यावर निघू, असा त्यांनी हट्ट धरला! दुसऱ्या दिवशी त्यांना जवळजवळ ओढूनच बाहेर आणावे लागले, असे त्यांचे चरित्रकार क्युव्हिए नोंदवितात.

पुढे तीन आठवडेही लोटले नाहीत. २ सप्टेंबरपासून पॅरिसच्या तुरुंगांत कत्तली सुरू झाल्या. सें-फिर्में येथे सत्तरहून अधिक जणांची हत्या झाली, त्यांत बहुसंख्य धर्मगुरू होते. त्यापूर्वीच्या रात्री तरुण झ्योफ्रुआने भिंतीला शिडी लावून बारा धर्मगुरूंना बाहेर काढले होते. सप्टेंबरच्या या हुतात्म्यांपैकी १९१ जणांना पोप अकरावे पायस यांनी १९२६ मध्ये धन्यवादित घोषित केले. फादर आउई त्या रात्री तेथे असते तर स्फटिकशास्त्राचा इतिहास १७९२ पाशी निराळ्या वळणाने गेला असता, आणि त्या १९१ नावांत कदाचित आणखी एका नावाची भर पडली असती.

जीव वाचलेला माणूस सहसा डोके खाली घालून बसतो. फादर आउई वजनमापांच्या आयोगावर काम करीत होते. १७९३ च्या आरंभी लाव्हाझिए आणि त्यांनी मिळून ठरावीक घनफळाच्या पाण्याचे वजन अतिशय काटेकोरपणे काढले. नव्या दशमान पद्धतीतील वजनाचे एकक त्यावर उभे राहिले. आज कागलच्या कारखान्यांत किलोवर मोजल्या जाणाऱ्या मालाच्या हिशेबातही त्यांच्या हाताचा अंश आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस लाव्हाझिए यांना अटक झाली. भल्याभल्यांनी तोंड फिरविले. अशा वेळी गणितज्ञ बोर्दा आणि फादर आउई यांनी लाव्हाझिए यांच्या सुटकेसाठी लेखी विनंती केली. शपथ न घेतलेला, एकदा तुरुंगात जाऊन आलेला धर्मगुरू शासनाच्या नजरेत कोण होता, याचा विचार केला म्हणजे त्या सहीची किंमत कळते. विनंतीचा उपयोग झाला नाही. ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला.

वादळ निवळल्यावर मात्र मान मिळत गेला. खाणशाळेच्या खनिजसंग्रहाचे ते रक्षक झाले आणि १८०१ मध्ये त्यांचा चार खंडांचा खनिजशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोनांच्या गणिताने किती दूर पोहोचता येते, याचे त्या काळातले एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. पाचू आणि बेरिल ही दोन निरनिराळी रत्ने समजली जात. स्फटिकरचना एकच आहे हे फादर आउई यांनी दाखविले आणि रसायनशास्त्रज्ञ व्होकलें यांना दोन्ही तपासण्याची विनंती केली. द्रव्यही एकच निघाले, आणि त्या तपासणीतून १७९८ मध्ये बेरिलियम हे नवे मूलद्रव्य जगाला कळले.

निसर्गविज्ञान संग्रहालयात प्राध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी स्वतःसाठी खटपट केली नाही. भूशास्त्रज्ञ दोलोमिय त्या वेळी सिसिलीतील मेसिनाच्या तुरुंगात खितपत पडले होते, त्यांची निवड व्हावी असा आग्रह त्यांनी धरला आणि तसेच झाले. दोलोमिय यांच्या निधनानंतर १८०२ मध्ये ते पद फादर आउई यांच्याकडे आले. नेपोलियनच्या सांगण्यावरून त्यांनी शाळांसाठी भौतिकशास्त्राचे पुस्तकही लिहिले. नोत्र-दाम कॅथेड्रलचे ते मानद कॅनन होते. शिकविण्यासाठी नासपतीच्या लाकडाचे स्फटिकांचे नमुने ते वापरीत. त्यांपैकी सुमारे सहाशे नमुने नेदरलँड्समधील हारलेम येथील टायलर संग्रहालयात जपलेले आहेत.

आपल्या मातीशीही त्यांचा एक दुवा आहे. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत सुंदर स्फटिक सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील खाणींतून निघणारे असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातही ते पाहता येतात. त्यांतील पाणीदार, चौकोनी ठेवणीच्या ॲपोफिलाइटचे नामकरण फादर आउई यांनीच केले. तापविल्यावर ते पानांसारखे पापुद्रे सोडते, ग्रीक भाषेतील या अर्थावरून हे नाव त्यांनी योजिले. ॲपोफिलाइट एकाच प्रतलावर सहज आणि स्वच्छ दुभंगते. त्या प्रतलाचा निर्देशांक (० ० १).

त्यांच्या थोरवीबरोबर त्यांची मर्यादाही सांगणे न्यायाचे होईल. कॅल्साइटच्या चौकटीचा कोन त्यांनी १०४ अंश २८ मिनिटे धरला होता, कारण त्यातून भूमितीचे सुबक प्रमाण निघत होते. प्रकाशाच्या परावर्तनावर चालणारे नवे कोनमापक घेऊन इंग्लंडचे वोलॅस्टन यांनी तो १०५ अंश ५ मिनिटे असल्याचे दाखविले. फरक अवघ्या अर्ध्या अंशाहून थोडा अधिक, पण मोजमाप वोलॅस्टन यांचेच बरोबर होते. फादर आउई यांनी ते मानले नाही. १८१९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ मिट्शरलिख यांनी दोन वेगळ्या द्रव्यांचे स्फटिक जवळजवळ एकाच घडणीचे असू शकतात हे सिद्ध केले, तेही त्यांना अखेरपर्यंत पटले नाही. प्रत्येक द्रव्याला स्वतःचा, दुसऱ्या कोणाचा नसलेला ठोकळा असलाच पाहिजे, या विश्वासावर त्यांनी सारी इमारत उभारली होती. ज्या माणसाने प्राणावर बेतले तरी शपथ घेतली नाही, त्याच माणसाचा हा हट्ट आहे. एके ठिकाणी तो शोभला, दुसऱ्या ठिकाणी त्याने विज्ञानाची वाट काही काळ अडविली. ठोकळे खरोखर दगडी विटांसारखे नसतात, अणूंची ठरावीक मांडणी पुन्हा पुन्हा येत असते, हे १९१२ नंतर क्ष-किरणांनी दिसून आले. त्यांचे ठोकळे गेले. पूर्णांकांचा नियम राहिला.

नेपोलियनच्या पाडावानंतर आलेल्या राजवटीत त्यांचे निवृत्तिवेतन बंद झाले आणि उतारवयात पुन्हा ओढगस्तीचे दिवस आले. त्याच सुमारास, १८१७ मध्ये, त्यांचे धाकटे बंधू व्हॅलेंतें रशियातून परतले आणि थोरल्या भावाजवळ राहू लागले. या भावाचे नावही जग विसरलेले नाही. पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी पहिली शाळा त्यांनीच काढली होती आणि उठावाची अक्षरे बोटांनी वाचण्यास त्या मुलांना शिकविले होते. १८१९ मध्ये त्या शाळेत दहा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला, त्याचे नाव लुई ब्रेल. एका विणकराच्या दोन मुलांपैकी एकाने दगडाची न दिसणारी रचना वाचली, दुसऱ्याने न दिसणाऱ्या डोळ्यांना वाचायला शिकविले.

व्हॅलेंतें मार्च १८२२ मध्ये वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत फादर आउई आपल्या खोलीत पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. अंथरुणावर असतानाही ते आपल्या खनिजशास्त्राच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती तपाशीत होते आणि प्रार्थनेचा नेम त्यांनी चुकविला नाही. जून १८२२ च्या आरंभी, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांना देवाज्ञा झाली. पॅरिसच्या पेर-लाशेझ दफनभूमीत दोघा भावांची कबर एकच आहे.